सिद्धान्त कधी सोडायचा? इम्रे लाकातोशचं उत्तर

ल व्हेरिए नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात एकच युक्ती दोनदा केली. पहिल्या वेळी तो जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्या वेळी हाती भोपळा आला.

पहिली वेळ युरेनसची. 1781 मध्ये सापडलेला हा ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे जिथे दिसायला हवा तिथे दिसेना, जरासा सरकलेला असायचा. मग न्यूटन चुकला म्हणायचं का? ल व्हेरिए म्हणाला, न्यूटन बरोबरच आहे. युरेनसच्या पलीकडे आपल्याला न दिसलेला आणखी एक ग्रह असणार आणि तोच युरेनसला ओढत असणार. हा ग्रह आकाशात कुठे सापडेल ते त्याने कागदावर काढलं आणि बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री योहान गालेने तिकडे दुर्बीण वळवली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

दुसरी वेळ बुधाची. बुधाच्या कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकत जातो. न्यूटनच्या हिशेबात जेवढा सरकायला हवा त्याहून तो शतकाला सुमारे 43 विकला जास्त सरकतो. एका अंशाचे 3600 भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला, म्हणजे प्रकरण किती बारीक आहे ते बघा. ल व्हेरिएने 1859 मध्ये जुनीच वाट धरली. सूर्य आणि बुध यांच्यामध्ये न दिसलेलं काहीतरी असणार. एक ग्रह असेल असं धरून त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. काहींना तो ‘दिसला’सुद्धा. 1877 मध्ये ल व्हेरिए वारला तोवर त्याचा विश्वास ढळला नव्हता. पण व्हल्कन नव्हताच. 1915 च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाच्या आपल्या नव्या सिद्धान्तातून ते उरलेले 43 विकला काढून दाखवले.

दोन्ही वेळा सिद्धान्त आणि निरीक्षण जुळत नव्हतं. दोन्ही वेळा त्याने सिद्धान्त वाचवला आणि दोष न दिसलेल्या ग्रहावर ढकलला. तर्क एकच. मग पहिल्या वेळी त्याला आपण द्रष्टा म्हणतो आणि दुसऱ्या वेळी हट्टी, ते फक्त निकाल माहीत आहे म्हणून? की त्या-त्या काळात उभं राहूनही काही फरक करता आला असता? इम्रे लाकातोश या हंगेरियन माणसाने आयुष्यातली शेवटची दहाएक वर्षं या प्रश्नाला दिली. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात पॉपर आणि कून यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. लाकातोश त्या दोघांच्या मधे उभा आहे आणि माझ्या मते तिघांत जास्त उपयोगी तोच आहे.

आधी त्या दोघांविषयी थोडक्यात. कार्ल पॉपरचं म्हणणं साधारण असं: हजार पुरावे गोळा करूनही सिद्धान्त सिद्ध होत नाही, पण एक ठाम विरोधी पुरावा तो पाडू शकतो. म्हणून ‘अमुक दिसलं तर मी हरलो’ असं जो आधीच सांगतो तो वैज्ञानिक. जो काहीही झालं तरी ‘बघा, मी म्हणत होतो’ म्हणतो, तो नव्हे. निकष सुटसुटीत आहे आणि चांगलाही आहे. फक्त 1846 मध्ये तो कोणी शब्दशः लावला असता तर न्यूटन बाद आणि नेपच्यून अज्ञात. पॉपर एवढा भोळा नव्हता. जिची स्वतंत्र तपासणी करता येते अशी दुरुस्ती त्याला चालायची. पण ‘एक उलटं निरीक्षण, की सिद्धान्त खलास’ हेच चित्र लोकांच्या डोक्यात बसलं.

थॉमस कूनने 1962 मध्ये इतिहास उघडून दाखवला की शास्त्रज्ञ तसं वागतच नाहीत. न जुळणारी निरीक्षणं ते वर्षानुवर्षं बाजूला ठेवून काम करत राहतात, आणि कधीतरी सगळी चौकटच बदलते. चौकट बदलण्याचा हा क्षण कूनच्या वर्णनात धर्मांतरासारखा वाटतो. लाकातोश यावर उखडला. हे खरं असेल तर वैज्ञानिक क्रांती म्हणजे निव्वळ झुंडीचं मानसशास्त्र झालं, असं त्याने लिहिलं. झुंडीचं मानसशास्त्र त्याने फार जवळून पाहिलेलं होतं, आणि नुसतं बाहेरून नव्हे.

त्याचा जन्म 9 नोव्हेंबर 1922 चा, हंगेरीतल्या डेब्रेत्सेन गावचा. ज्यू कुटुंब, आडनाव लिपशिट्स. 1944 च्या मार्चमध्ये जर्मनीने हंगेरी ताब्यात घेतली तेव्हा हा गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकत होता. खोट्या कागदपत्रांवर तो टिबोर मोल्नार झाला आणि वाचला. आई आणि आजी ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. पुढे त्याने लाकातोश हे आडनाव घेतलं.

भूमिगत असताना त्याने एक छोटा मार्क्सवादी गट चालवला. गटातली एक 19 वर्षांची ज्यू मुलगी पकडली गेली तर बाकीच्यांची नावं सांगेल, अशी भीती निर्माण झाली. गटाने चर्चा करून ठरवलं की तिने जीव द्यावा, आणि तिने विष घेतलं. हा निर्णय लाकातोशने रेटला होता असं त्याच्या त्या काळाचा शोध घेणाऱ्यांनी लिहिलं आहे. त्याच्यावरच्या लेखांत ही गोष्ट पुष्कळदा गाळली जाते. मला ती गाळणं बरोबर वाटत नाही. पुढे ‘बुद्धीने निर्णय कसा घ्यावा’ यावर जन्मभर लिहिणाऱ्या माणसाने विशीत असा एक ‘तर्कशुद्ध’ निर्णय घडवून आणला होता.

युद्ध संपल्यावर तो कम्युनिस्ट राजवटीत शिक्षण मंत्रालयात शिरला आणि कडवा पक्षकार्यकर्ता म्हणून नाव कमावलं. 1950 मध्ये त्याच पक्षाने त्याला उचललं. रेच्क इथल्या श्रमछावणीत, दगडाच्या खाणीत, त्याने तीनेक वर्षं काढली. 1953 मध्ये सुटला तेव्हा आल्फ्रेड रेन्यी या गणितज्ञाने त्याला भाषांतराचं काम मिळवून दिलं. त्यात जॉर्ज पोल्याचं गणित कसं सोडवावं याविषयीचं प्रसिद्ध पुस्तक त्याने हंगेरियनमध्ये आणलं. या कामाने त्याला पुढचा विषय दिला. हंगेरीतला 1956 चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर तो व्हिएन्नाला निसटला, तिथून केंब्रिजला गेला आणि 1960 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये लागला. डॉ. आंबेडकरांनी 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली ती हीच संस्था. लाकातोश आला तेव्हा तिथे पॉपरचा दरारा होता.

केंब्रिजचा प्रबंध गणितावर होता आणि तो वाचताना मजा येते, जे प्रबंधांच्या बाबतीत सहसा होत नाही. तो लिहिलाय नाटकासारखा. एक वर्ग, एक शिक्षक, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशा नावांचे विद्यार्थी, आणि फळ्यावर ऑयलरचं सूत्र: कोपरे वजा कडा अधिक पृष्ठं बरोबर 2. चौकोनी ठोकळा घ्या: 8 − 12 + 6 = 2. चौरस बुडाचा पिरॅमिड घ्या: 5 − 8 + 5 = 2. शिक्षक सिद्धता देतो, सगळं छान जमतं. मग अल्फा एक ठोकळा आणतो, ज्याच्या पोटात दुसऱ्या छोट्या ठोकळ्याएवढी पोकळी आहे. कोपरे 16, कडा 24, पृष्ठं 12. उत्तर येतं 4.

वर्गात गोंधळ. एक म्हणतो, प्रमेय मेलं, विषय संपला. डेल्टा चिडतो: ही घनाकृतीच नव्हे, हा राक्षस आहे, बाहेर काढा त्याला! आणि तो घनाकृतीची व्याख्या अशी बदलतो की पोकळ ठोकळा त्यात बसूच नये. मग कोणी चित्राच्या चौकटीसारखी, मधे भोक असलेली आकृती आणतं. 16 − 32 + 16, उत्तर 0. व्याख्या पुन्हा आवळली जाते. तिसरा म्हणतो, अपवाद मान्य करू आणि सुरक्षित तेवढ्याच आकृतींबद्दल बोलू. शिक्षक वेगळी वाट दाखवतो. विरोधी उदाहरण आलं की सिद्धता उघडून बघा, तिच्यातली नेमकी कोणती पायरी त्या उदाहरणाने मोडली. पहिली पायरी होती ‘एक पृष्ठ काढून टाका आणि उरलेली आकृती रबरासारखी ताणून सपाट करा’. पोकळ ठोकळा आणि चौकट ताणून सपाट होतच नाहीत. म्हणजे प्रमेयात एक अट दडलेली होती, जी कोणी उच्चारली नव्हती. ती अट बाहेर काढली की प्रमेय सुधारतं, आणि आकृतींबद्दल आपल्याला आधीपेक्षा जास्त कळतं.

राक्षसाला हाकलणारा डेल्टा मूर्ख नाही, एवढं ध्यानात ठेवा. त्याच्या व्याख्येत तार्किक चूक काढता येत नाही. त्याचं प्रमेय अबाधित राहतं. फक्त प्रत्येक वेळी ते थोडं लहान होतं, आणि नवीन काहीच शिकवत नाही. लाकातोशने पुढे हाच धागा गणितातून काढून भौतिकशास्त्रात नेला. गणितावरचं हे लेखन 1963–64 मध्ये एका तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात चार भागांत आलं. पुस्तक मात्र त्याच्या मृत्यूनंतर, 1976 मध्ये निघालं.

1965 च्या जुलैमध्ये लंडनमधल्या बेडफर्ड कॉलेजात एक परिषद भरली. पॉपर होता, कून होता, लाकातोशचा तत्त्वज्ञ मित्र पॉल फायराबेंड नसला तरी पुढे त्या वादाच्या संग्रहात त्याचाही लेख आला. लाकातोशचं मुख्य लेखन या वादातून उभं राहिलं आणि 1970 मध्ये छापलं गेलं. त्यातलं मूळ म्हणणं असं: एकटादुकटा सिद्धान्त तपासणं हीच चूक आहे. शास्त्रज्ञ एका सिद्धान्तावर नाही, दीर्घकाळ चालणाऱ्या एका संशोधन-कार्यक्रमावर काम करतात. त्याची रचना आपल्या डोंगरी किल्ल्यासारखी असते. मधे बालेकिल्ला: न्यूटनच्या बाबतीत गतीचे तीन नियम आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम. भोवती माची आणि तटबंदी: ग्रह किती आहेत, दुर्बीण किती बिनचूक, वातावरणात प्रकाश किती वाकतो, अशी शेकडो गृहीतकं. निरीक्षण उलटं आलं की मार माचीवर घ्यायचा आणि तटबंदी दुरुस्त करायची. बालेकिल्ल्याला हात लावायचा नाही, हे त्या कार्यक्रमात शिरतानाच ठरलेलं असतं.

म्हणजे शास्त्रज्ञ हट्टी असतात, आणि लाकातोशच्या मते त्यांनी असावंही. प्रत्येक सिद्धान्त जन्मतःच न जुळणाऱ्या गोष्टींच्या समुद्रात पोहत असतो. पहिल्या लाटेला किनारा गाठला तर काहीच उभं राहणार नाही. याचं एक सुरेख उदाहरण विल्यम प्राउटचं आहे. 1815 मध्ये त्याने मांडलं की सगळ्या मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पटीत, म्हणजे पूर्णांकात असतात. क्लोरीनचा अणुभार मात्र 35.5 च्या आसपास निघे आणि मोजमाप जितकं सुधारावं तितका तो तिथेच ठाण मांडून बसे. प्राउटचे समर्थक म्हणत, नमुना शुद्ध नसेल. ऐकायला ही पळवाटच वाटते. पण विसाव्या शतकात समस्थानिकं सापडली आणि कळलं की निसर्गात मिळणारं क्लोरीन हे 35 आणि 37 अशा दोन प्रकारच्या अणूंचं मिश्रण आहे. रासायनिक रीतीने कितीही गाळलं तरी ते वेगळं होणार नव्हतं. जवळजवळ शंभर वर्षांचा हट्ट अगदी वाया गेला नव्हता.

मग हट्ट आणि हेकेखोरी यांत फरक काय? लाकातोश म्हणतो, तटबंदीची दुरुस्ती कशी केली ते बघा. दुरुस्तीमुळे आधी कोणाच्या मनातही नसलेली एखादी नवी गोष्ट सांगता आली, आणि सांगितल्यापैकी निदान काही खरी निघाली, तर कार्यक्रम पुढे चालला आहे. युरेनस वाचवताना नेपच्यून मिळाला. धूमकेतू परत येईल असं हॅलीने न्यूटनच्या गणितावरून सांगितलं आणि हॅली वारल्यावर, 1758 च्या नाताळात, तो खरंच दिसला. उलट प्रत्येक दुरुस्ती फक्त झालेली अडचण निस्तरण्यापुरती असेल, सिद्धान्त घटनांच्या मागून धावत असेल, तर कार्यक्रम उतरणीला लागला आहे. व्हल्कन ही सुरुवातीला वाईट कल्पना नव्हती, तिने तपासता येईल असं काहीतरी सांगितलं होतं. ती वांझ ठरली ती वर्षामागून वर्षं काहीच न सापडल्याने. आणि आइन्स्टाइनने नुसतं बुधाचं कोडं सोडवलं नाही. सूर्याजवळून जाणारा प्रकाश किती वाकेल तेही सांगितलं, जे 1919 च्या ग्रहणात मोजलं गेलं.

इथे एक मोठा बदल नकळत झालेला आहे. निकाल एका प्रयोगाच्या दिवशी लागत नाही. लेखाजोखा काळाच्या ओघात मांडावा लागतो, आणि तोही एकट्या सिद्धान्ताचा नाही, दोन प्रतिस्पर्धी कार्यक्रमांचा एकमेकांशेजारी ठेवून.

हा निकष त्याने स्वतःच्या तरुणपणीच्या श्रद्धेलाही लावला. 1973 च्या एका रेडिओ भाषणात त्याने मार्क्सवादाची भाकितं मोजली: कामगार आणखी दरिद्री होत जातील, क्रांती सर्वांत प्रगत औद्योगिक देशात होईल, समाजवादी समाजांत क्रांती होणार नाही, समाजवादी देशांचे आपापसांत हितसंबंधांचे झगडे होणार नाहीत. चारही चुकली. प्रत्येकाचं स्पष्टीकरण मागाहून तयार झालं. हंगेरीत रणगाडे का पाठवावे लागले याचंसुद्धा. ते स्पष्टीकरण ऐकून घेणाऱ्यांत तो स्वतः होता, म्हणून या परिच्छेदाला धार आहे. विज्ञान कोणतं आणि थोतांड कोणतं हा आरामखुर्चीतला प्रश्न नाही, असं त्याने त्याच भाषणात बजावलं. सोव्हिएत पक्षाने मेंडेलच्या आनुवंशशास्त्राला थोतांड ठरवलं होतं, आणि निकोलाय वाविलोवसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ 1943 मध्ये तुरुंगात मेला.

आपल्याकडे या निकषाची परीक्षा पाहायला एक फार चांगलं उदाहरण आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा आहे: जयंत नारळीकर. 2008 च्या सुमारास नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. 200 मुलांच्या कुंडल्या जमवल्या. निम्मी मुलं हुशार, निम्मी बौद्धिक अक्षमता असलेली. ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगल्या उत्तरात 40 पैकी 24 बरोबर होती, आणि सरासरी नाणेफेकीच्या पुढे गेली नाही.

त्याच नारळीकरांनी विश्वाच्या महास्फोटाचा सिद्धान्त शेवटपर्यंत मान्य केला नाही. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलचे विद्यार्थी असल्यापासून ते स्थिर-स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही या मताच्या, बाजूचे. 1965 मध्ये आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, ते महास्फोटाची उरलेली ऊब मानलं गेलं आणि बहुतेक सगळे पलीकडे गेले. नारळीकर, हॉयल आणि बर्बिज यांनी 1993 मध्ये सुधारित प्रारूप मांडलं आणि त्या प्रारणाचं स्पष्टीकरण असं दिलं की अवकाशात लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुया आहेत, त्या ताऱ्यांचा प्रकाश शोषून सूक्ष्मलहरींच्या रूपात बाहेर टाकतात. मे 2025 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तोवर त्यांची ही भूमिका कायम होती.

मग कोणी विचारेल, की ज्योतिषाने ‘जन्मवेळ चुकली असेल, अयनांश (राशींची सुरुवात कुठून मोजायची ते ठरवणारा कोन) वेगळा धरायला हवा होता’ म्हटलं तर ती पळवाट, आणि नारळीकरांनी लोखंडाच्या सुया आणल्या तर ते विज्ञान? पॉपरचा ढोबळ निकष इथे अडखळतो. लाकातोशचा नाही. दोघेही माची दुरुस्त करताहेत, यात गैर काही नाही, ल व्हेरिएनेही तेच केलं. पण जन्मवेळेची सबब गेली कित्येक पिढ्या तीच आहे आणि तिच्यातून आजवर एकही नवी तपासण्याजोगी गोष्ट निघालेली नाही. लोखंडाच्या सुया असतील तर दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश किती मंद व्हावा, हे आकड्यांत सांगता येतं आणि चुकू शकतं. नारळीकर ते सांगत आणि छापत.

त्यांची बाजू जिंकली असं मात्र नाही. लेखाजोखा मांडला तर महास्फोटवाल्यांचं पारडं बरंच जड आहे. ते प्रारण असावं हे आल्फर आणि हर्मन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1948 मध्येच सांगितलं होतं, सापडण्याच्या सतरा वर्षं आधी. सुया मात्र सापडल्यानंतर आल्या. नारळीकरांचा उलटा सवालही साधा नव्हता: तुमच्याकडे कृष्णद्रव्य, कृष्णऊर्जा, अतिवेगाने झालेलं प्रसरण ही ठिगळं नाहीत का? लाकातोश इथे एवढंच विचारेल, की प्रत्येक ठिगळाने पुढे काय नवं दिलं ते दाखवा. हरणाऱ्या बाजूला राहूनही वैज्ञानिक राहता येतं, हे त्याच्या मांडणीत बसतं. अट एकच. आपला जमाखर्च उघडा ठेवायचा आणि समोरच्याला किती गुण मिळाले ते नाकारायचं नाही.

यातली फट त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राने, फायराबेंडने, लगेच पकडली. उतरणीला लागलेला कार्यक्रम सोडायचा कधी? दहा वर्षांनी? शंभर? प्राउट शंभर वर्षांनी सावरला. मुदत सांगितली तर ती मनमानी, आणि नाही सांगितली तर कोणीही कितीही काळ काहीही धरून बसू शकतो. मग हा नियम कसला? लाकातोशचं उत्तर होतं की धोका पत्करून हरणाऱ्या बाजूला राहायला हरकत नाही, पण नियतकालिकांनी त्याचे लेख छापायचे की नाही आणि संस्थांनी पैसे द्यायचे की नाही, हे जमाखर्च बघून ठरवता येतं. मला हे उत्तर अर्धं पटतं. पैसे बंद झाले की प्राउटसारख्या कल्पना सावरणार कशा, हे त्यात येत नाही.

पुरता वाद व्हायचा होता. दोघांनी मिळून एक पुस्तक करायचं ठरवलं होतं: फायराबेंड पद्धतीवर हल्ला करणार, लाकातोश तिचा बचाव. 2 फेब्रुवारी 1974 ला लाकातोश लंडनमध्ये अचानक गेला, वय 51. ब्रिटिश नागरिकत्व त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. 1975 मध्ये फायराबेंडने आपला अर्धा भाग एकट्यानेच छापला आणि ‘मित्र आणि सहअराजकवादी’ म्हणून लाकातोशला अर्पण केला. ही शेवटची कोपरखळी, कारण अराजकवादी म्हणवून घेणं लाकातोशला मुळीच मानवलं नसतं. दुसरा अर्धा भाग लिहिलाच गेला नाही. त्याच्या जागी 1999 मध्ये लाकातोशची 1973 ची व्याख्यानं आणि दोघांचा पत्रव्यवहार एकत्र छापला गेला. त्याच्या लेखांची भाषा अवघड वाटत असेल तर सुरुवात त्या पत्रांपासून करा. त्यांत तत्त्वज्ञान कमी आणि टिंगलटवाळी जास्त आहे, पण भांडण नेमकं कशावरून होतं ते चटकन कळतं.